पुढचा मॅक मिनी केव्हा येईल, आणि तोवर काय करायचं

२०२४च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, ज्याने मॅक मिनी घेतला त्याला ५९,९०० रुपयांच्या छापील किमतीत एम२ चिप आणि आठ जीबी मेमरी मिळाली. सतरा दिवसांनी, ऐन धनत्रयोदशीला, अ‍ॅपलने नवा मिनी जाहीर केला. किंमत तीच ५९,९००, पण चिप एम४ आणि मेमरी दुप्पट, सोळा जीबी. दसऱ्याचा मुहूर्त असा महागात पडला. या एका उदाहरणावरून बरेच जण जो धडा घेतात तो असा, की डेस्कटॉप घ्यायचा तर नवं मॉडेल येईपर्यंत थांबावं. माझं म्हणणं जवळपास उलट आहे. कंपनी नवं मॉडेल कधी काढील याचा अंदाज काही मोजके आठवडे सोडले तर करता येत नाही. थांबण्याची किंमत मात्र ज्याची त्याला कागद-पेन घेऊन काढता येते. ती न काढता नुसत्या तर्कांवर महिनेच्या महिने घालवले जातात, आणि तोटा होतो तो तिथे.

अंदाज का बसत नाही हे मिनीच्याच इतिहासात दिसतं. पहिला मिनी जानेवारी २००५चा. २००९मध्ये मार्चला आणि पुन्हा ऑक्टोबरला, अशी सातच महिन्यांत दोन मॉडेलं आली. जून २०१०ला तिसरं. मग २०११, २०१२. त्या वेळी कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं की मिनी साधारण वर्षाला बदलतो. पण पुढचं मॉडेल आलं ऑक्टोबर २०१४मध्ये, दोन वर्षांनी, आणि त्याच्या पुढचं थेट ऑक्टोबर २०१८मध्ये, चार वर्षांनी. त्यानंतर नोव्हेंबर २०२०, जानेवारी २०२३, ऑक्टोबर २०२४. सगळ्या अंतरांची सरासरी दीड ते पावणेदोन वर्षांच्या दरम्यान येते; पण सात महिने आणि अठ्ठेचाळीस महिने ज्या यादीत शेजारी बसतात तिची सरासरी काढून हाती काय लागणार? डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला माणूस पुढची फास्ट किती मागे असेल याचा अंदाज बांधतो आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो, कारण गाडी रखडली तरी मुळात वेळापत्रक असतं. इथे वेळापत्रकच नाही. एप्रिल २०१६ला ‘दीड वर्ष झालं, आता आलाच’ म्हणून जो थांबला, त्याला आणखी अडीच वर्षं काढावी लागली असती. मध्ये ऑक्टोबर २०१७ला अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाला लिहिलेल्या उत्तरात मिनी पुढेही महत्त्वाचा राहील असं आश्वासन दिलं होतं. आश्वासन खरं ठरलं, पण वर्षभराने. मॅक प्रोची कथा तर याहून लांबलेली: २०१३च्या डिसेंबरात बाजारात आलेलं यंत्र डिसेंबर २०१९पर्यंत बदललंच नाही, आणि त्या रचनेत उष्णता बाहेर टाकायला वाव कमी पडल्याने आपण अडकलो, हे कंपनीच्या वरिष्ठांनी २०१७च्या एप्रिलमध्ये पत्रकारांसमोर कबूल केलं. कंपनीला स्वतःलाच जी अडचण आधी दिसली नाही ती घोडबंदर रोडवर बसून कुणाला दिसणार होती?

शिवाय ‘नवं म्हणजे चांगलं’ हे गृहीतकही तपासून घ्यायला हवं. २०१२च्या मिनीत चार कोअरचा प्रोसेसर मिळत असे आणि खालचं झाकण फिरवून मेमरी घरच्या घरी वाढवता येत असे. दोन वर्षं वाट पाहून जो २०१४चा मिनी आला त्यात चार कोअरचा पर्याय काढून टाकलेला आणि मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली. सुरुवातीची किंमत कमी झाली होती हे खरं. पण व्हिडिओ एडिटिंगसारखं सगळे कोअर राबवणारं काम असलेल्यांना जुनंच वरचं मॉडेल सरस ठरत होतं. थांबणाऱ्याला थांबण्याचा दंड बसण्याचं याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

यावर आक्षेप येतो तो असा: तो काळ इंटेलचा होता. इंटेलच्या चिप रखडल्या की अ‍ॅपलही रखडत असे. आता अ‍ॅपल स्वतःच चिप आखते, तेव्हा चाल नियमित झाली असणार. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. एम१ नोव्हेंबर २०२०ची, एम२ जून २०२२ची, एम३ ऑक्टोबर २०२३ची. इथवर दीड वर्षाची लय दिसते. मग एम४ आली मे २०२४मध्ये, अवघ्या सहा-सात महिन्यांत, आणि तीही आधी संगणकात न येता आयपॅड प्रोमध्ये. एम५ ऑक्टोबर २०२५ला, पुन्हा सतरा महिन्यांनी. म्हणजे चिपची चालही तैवानमधल्या कारखान्यात कोणती निर्मितीप्रक्रिया केव्हा परवडते त्यावर वरखाली होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिप आली तरी ती तुमच्या यंत्रात येईलच असं नाही. आयमॅकला एम२ कधी मिळालीच नाही. एम१नंतर थेट एम३. मिनीने एम३ वगळली. मार्च २०२५च्या मॅक स्टुडिओत तर एक पर्याय एम४ मॅक्सचा आणि त्याहून महाग दुसरा पर्याय एम३ अल्ट्राचा, हे पाहून आकड्यांवर विसंबणाऱ्यांची गंमतच झाली. एम५ जाहीर झाली त्या दिवशी मॅकबुक प्रो आणि आयपॅड प्रोला ती मिळाली. मिनीच्या वाट्याला त्या दिवशी काहीच आलं नाही. यंत्रांच्या रांगेत कोणाचा नंबर कधी लागेल हे विक्रीच्या गणितावर ठरतं, आणि ते गणित कंपनी कुणाला दाखवत नाही.

विंडोजवाल्यांना वाटेल, हे सगळं अ‍ॅपलचं दुखणं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून किंवा ठाण्या-कल्याणातल्या दुकानात असेंबल करून घेणाऱ्यांना तर दरवर्षी नवी पिढी मिळते. मिळते खरी. इंटेलची डेस्कटॉपची तेरावी पिढी ऑक्टोबर २०२२ला आली, चौदावी बरोबर वर्षाने. आणि चौदावी ही बव्हंशी तेरावीलाच थोडा वेग चढवून केलेली होती. पुढे या दोन्ही पिढ्यांतल्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला, २०२४च्या ऑगस्टपासून त्यावर दुरुस्त्या द्याव्या लागल्या आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ऑक्टोबर २०२४ला कोअर अल्ट्राची नवी पिढी आली, ती वीज कमी खात होती, पण अनेक गेममध्ये चौदावीच्या मागे पडली. इथे तारखेचा अंदाज बरोबर येऊनही उपयोग होत नाही. येणारी वस्तू कशी असेल हे कळायला आणखी दोन-तीन महिने जावे लागतात. असेंबल्ड घेणाऱ्याने म्हणून पिढीपेक्षा बोर्डाचं सॉकेट पाहावं. एएमडीने २०२२ला आणलेलं एएम५ सॉकेट २०२७पर्यंत आणि पुढेही चालवू असं सांगितलं आहे. त्यावर आज साधा प्रोसेसर बसवून तीन वर्षांनी फक्त तोच बदलता येतो. नव्या मॉडेलची वाट पाहण्याचा प्रश्न तिथे निम्मा सुटतो.

आता आपल्या बाजूची गोष्ट. अमेरिकेतला ग्राहक नव्या मॉडेलचा अंदाज बांधतो तेव्हा त्याला एकाच कंपनीचं मन ओळखायचं असतं. आपल्याला सरकारचं, रुपयाचं आणि मेमरीच्या बाजाराचंही ओळखावं लागतं. ३ ऑगस्ट २०२३ला विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन आणि अगदी छोट्या आकाराच्या संगणकांच्या आयातीला परवाना लागेल अशी अधिसूचना काढली. आयमॅक आणि मिनी दोन्ही त्या वर्णनात बसणारे. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि ऑक्टोबरात परवान्याच्या जागी सौम्य अशी ऑनलाइन नोंदणी आली. त्या आठवड्यात घाई करणारा आणि थांबणारा दोघेही अंधारातच होते. सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ३२ इंचांवरचे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ वर आले. संगणक आधीच १८ टक्क्यांवर होता, तो तिथेच राहिला. स्वस्ताई होईल म्हणून डेस्कटॉपची खरेदी रोखून धरलेल्याच्या पदरात शून्य. डॉलर २०२०च्या अखेरीस चौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ला त्याने नव्वदी ओलांडली. आणि मेमरी: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी चिप उचलायला सुरुवात केल्यावर २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव असे चढले की त्या डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. संगणकाचे भाग दिवसेंदिवस स्वस्तच होतात, ही आपल्या पिढीची जुनी समजूत. थांबण्याचं सगळं तत्त्वज्ञान तिच्यावर उभं आहे, आणि गेल्या काही काळात तीच डळमळली आहे.

मग हिशेब कसा करायचा? समजा यंत्र साठ हजारांचं आणि ते पाच वर्षं चालवायचं, म्हणजे महिन्याला हजार रुपये. सहा महिने थांबून पुढची पिढी घेतली तर समजा तिला सॉफ्टवेअरचे अपडेट वर्षभर जास्त मिळतील. ही कमाई झाली साधारण बारा हजारांची. आता दुसरी बाजू. जुन्या यंत्रामुळे, म्हणजे फाइल उघडायला, एक्स्पोर्टला, मध्येच अडकल्यावर पुन्हा चालू करायला, रोज अर्धा तास वाया जात असेल आणि महिन्याला पंचवीस दिवस काम असेल, तर साडेबारा तास गेले. डीटीपीच्या कामाचा तासाला दीडशे रुपये असा बेताचा भाव धरला तरी महिन्याला १,८७५ रुपये, सहा महिन्यांत ११,२५०. म्हणजे सहा महिने थांबून मिळवलं ते जवळपास सगळं थांबण्यातच गेलं, आणि नवं मॉडेल सातव्या महिन्यापर्यंत आलं नाही तर तोटा सुरू. पण जुनं यंत्र रोज पाचच मिनिटं खात असेल तर महिन्याचा खर्च तीनशेच्या घरात जातो; असा माणूस खुशाल वर्षभर थांबू शकतो. या गणिताला नव्या मॉडेलची तारीख आधी ठाऊक असावी लागत नाही. थांबावं की नाही हे ठरतं टेबलावरच्या जुन्या यंत्राच्या तब्येतीवरून. आकडे आपापले घालावेत, पण घालावेत. ‘जरा स्लो झालाय’ हा आकडा नव्हे.

यालाही एक आक्षेप आहे: घरी वापरणाऱ्याच्या वेळेला भाव कुठे असतो? बरोबर आहे. मुलाच्या अभ्यासासाठी, रात्री सिनेमा पाहायला, वीजबिल भरायला असलेल्या संगणकाची पाच मिनिटं रुपयांत मोजणं हास्यास्पद आहे. अशा घराने निवांत थांबावं, आणि थांबण्यातून सवलत पदरात पाडावी. मुलगा-मुलगी कॉलेजात जाणार असेल तर प्रवेशानंतर विद्यार्थी दरात घ्यावं. एम४ मिनीचा तो दर जाहीर झाला तेव्हा ४९,९०० होता. दहा हजारांचा हा फरक पुढची चिप केव्हा येईल या तर्कापेक्षा जास्त भरवशाचा.

धंदेवाल्यांनी मात्र कंपनीच्या कॅलेंडरआधी आपलं कॅलेंडर भिंतीवर लावावं. अ‍ॅपल आणि इंटेल दोघांचीही आवड ऑक्टोबर-नोव्हेंबर. ठाणे जिल्ह्यातल्या डीटीपीवाल्याची ऑगस्ट-सप्टेंबरपासून मान वर होत नाही, कारण गणपतीच्या अहवाल-बॅनरांमागोमाग दिवाळी अंकांची पानं येतात. सीएंच्या कार्यालयात जुलैपासून विवरणपत्रं आणि ऑडिटची धावपळ. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला उसंत मिळते ती चातुर्मासात. तुळशीच्या लग्नानंतर ती संपते. नवं यंत्र आलं की फाँट, प्लगइन, प्रिंटरचे ड्रायव्हर, जुन्या फाइली हे सगळं बसवायला आठवडा जातो, आणि तो आठवडा हंगामात गेला तर मॉडेल कितीही नवं असो, अंगाशी येतं. त्यात कराचा मुद्दा आहे. संगणकावर घसारा ४० टक्के मिळतो, पण आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर निम्माच, २० टक्के. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आलेल्या यंत्राला त्या वर्षी पूर्ण घसारा. जीएसटी वगळून पन्नास हजारांच्या यंत्रावर फरक दहा हजारांच्या वजावटीचा, तीस टक्क्यांच्या टप्प्यात तीन हजार रुपये करात. ही रक्कम बुडत नाही, पुढल्या वर्षांत मिळत जाते, म्हणून तिच्यासाठी धावाधाव करू नये. आणि अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत कर भरणाऱ्यांना तर घसारा वेगळा मिळतच नाही. तरीही ऑक्टोबरअखेरच्या घोषणेची वाट पाहणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

कंपन्या एक तारीख लपवतात आणि दुसरी छापून देतात. नवं यंत्र कधी येणार हे गुपित. जुन्याची साथ कधी सुटणार हे जाहीर. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे कित्येक वर्षं आधी माहीत होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हेही २०२१पासून. इंटेल चिपच्या मॅकसाठी मॅकओएस टाहो ही शेवटची आवृत्ती असेल असं अ‍ॅपलने जून २०२५ला सांगून टाकलं, आणि २०१८चा मिनी तर टाहोच्याही यादीत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात दिसणारा इंटेल मिनी म्हणूनच टाळावा. दुरुस्तीचंही तसंच: अ‍ॅपल एखादं मॉडेल विकायचं थांबवते त्यानंतर साधारण पाच वर्षांनी सुट्या भागांची खात्री कमी होते आणि सात वर्षांनी अधिकृत दुरुस्ती बहुधा बंद. ही वर्षं विक्री थांबल्यापासून मोजतात, मॉडेल आल्यापासून नव्हे. जुन्या यंत्रावर त्याची ही तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवावी. खरेदीची शेवटची मुदत ती. त्याआधी कधी घ्यायचं ते हंगामानं ठरवावं.

अंदाजाला जागा उरते ती या मुदतीच्या आत, आणि तिथे तो जरूर करावा. दोन खुणा एकत्र दिसल्या तर थांबण्यात शहाणपण आहे: तुमच्या मॉडेलला दीड वर्ष उलटलेलं असणं, आणि त्याच्या पुढची चिप त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रात आलेली असणं. २०२४च्या दसऱ्याला दोन्ही खुणा डोळ्यांसमोर होत्या. मिनी एकवीस महिन्यांचा झाला होता आणि एम४ मे महिन्यापासून आयपॅडमध्ये होती. त्या वेळी तीन आठवडे थांबायला सांगणारा माणूस ज्योतिषी नव्हता, नुसता जागा होता. पण २०१६-१७मध्येही अशाच खुणा होत्या आणि काही घडलं नाही, म्हणून या खुणा दोन-तीन महिने थांबण्याची परवानगी देतात, त्यापेक्षा जास्त नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात खुणा जुळल्या तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबावं आणि तोवर काही आलं नाही तर त्याच आठवड्यात यंत्र घ्यावं. आपल्याकडे बहुतेक दुकानांत बॉक्स एकदा फोडला की यंत्र परत घेत नाहीत, त्यामुळे ‘आत्ता घेऊ, नवं आलं तर बदलू’ हा मार्ग इथे नाही.

डीटीपीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, ७, २००१ची, आणि मराठी छपाईत ती अजून जिवंत आहे. तिच्यासोबत युनिकोडपूर्व फाँटही. हे सगळं विंडोजवर चालतं. अ‍ॅपलच्या आताच्या चिपवर बूट कॅम्प नाही, म्हणजे पूर्वीसारखं मॅकवर थेट विंडोज चढवता येत नाही. गिऱ्हाइकांच्या वीस वर्षांच्या फाइली ज्याच्याकडे आहेत त्याने पुढचा मिनी केव्हा येईल हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि त्या फाइली इनडिझाइन व युनिकोडमध्ये कधी आणायच्या हे आधी ठरवावं.

ज्यांचं काम जुन्या पिढीतही भागतं त्यांनी घोषणेच्या दिवसाचा उपयोग करून घ्यावा. नवं मॉडेल जाहीर झालं की दुकानात उरलेल्या जुन्या स्टॉकवर भाव करता येतो. मात्र सवलत किती मिळाली तर घ्यावं हे आधी ठरवलेलं असावं. वर्षभराचा अपडेट कमी मिळणार असेल तर साठ हजारांच्या यंत्रावर दहा-बारा हजारांच्या खालची सूट स्वीकारू नये, आणि मेमरी निम्मी असेल तर त्याहून जास्त मागावी, कारण ती नंतर वाढवता येत नाही. बिलावर सीरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक घ्यावा, आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली आहे हे पैसे देण्याआधी दुकानातच अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून पाहून घ्यावं.